मारायचं नाही, टोचायचं? रानडुक्कर, माकडं, कुत्री आणि गर्भनिरोधक लस

व्हॅक्सिन डेपोचा शेजारी (टिळकवाडी)

मुद्दा सरळ मांडतो, शिव्या नंतर घाला. बेळगावात भटक्या कुत्र्यांचा आणि खानापूर तालुक्यात रानडुक्कर-माकडांचा विषय निघाला की दोनच आवाज येतात. एक म्हणतो गोळ्या घाला, दुसरा म्हणतो मुका जीव आहे, हात लावू नका. मधला रस्ता आहे, आणि तो जगात काही ठिकाणी तीस वर्षांहून जास्त काळ वापरात आहे. गर्भ राहू न देणारी लस.

मादीच्या बीजाभोवती झोना पेल्युसिडा नावाचं प्रथिनांचं कवच असतं. शुक्राणू आधी या कवचाला चिकटतो, मग आत शिरतो. डुकरिणीच्या बीजांडकोशातून हे कवच काढून त्याची लस घोडीला किंवा हत्तिणीला टोचली की तिचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, आणि ती प्रतिपिंडं तिच्याच बीजाच्या कवचावर जाऊन बसतात. शुक्राणूला चिकटायला जागाच उरत नाही. कापाकापी नाही, बेशुद्ध करणं नाही, लांबून डार्ट मारायचा. लस थांबवली की बहुतेक माद्या पुन्हा गाभण राहू शकतात. या लसीला पीझेडपी म्हणतात.

अमेरिकेच्या ॲसटीग बेटावर जंगली घोड्यांवर १९८८ मध्ये जे किर्कपॅट्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती देऊन पाहिली, आणि १९९४ पासून तिथला कळप याच पद्धतीने आवरतात. पावणेदोनशेच्या घरात गेलेली संख्या शंभराच्या खाली आली, एकही घोडा न मारता. दक्षिण आफ्रिकेत क्रुगर राष्ट्रीय उद्यानात १९६७ ते १९९४ हत्ती गोळ्या घालून कमी केले जात. हजारो हत्ती गेले. नंतर तिथेच लसीचे प्रयोग झाले, आणि मकालाली या खाजगी राखीव जंगलात २००० पासून हत्तिणींना लस दिली जाते.

आपल्या भागात लहानसा प्रयोग तरी का होऊ नये? टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोत एके काळी देवीची लस बनायची. लसीला बिचकणारं हे गाव नव्हे.

बांधावरचा (खानापूर)

शेजारी, तुमच्या बेटावरच्या घोड्यांना चारी बाजूंनी समुद्र. पळणार कुठं? त्यातला प्रत्येक घोडा तिथल्या लोकांना ओळखू येतो म्हणे. आमच्याकडं नागरगाळीच्या बाजूला ऊस डोक्यावर चार फूट गेलाय. त्यात रानडुक्कर शिरलं की कडाकडा आवाज येतो, जनावर दिसत नाही. डार्ट कुणाला मारू, आवाजाला?

दुसरं. लस टोचलेलं डुक्कर खायचं सोडतं का? पिल्लं व्हायची थांबतील, पण आज जी वीस डुकरं माझ्या बांधावर येतात ती पुढं कैक वर्षं येतच राहणार. तुमच्या बेटावर कळप शंभरावर यायला किती वर्षं लागली ते पण सांगा की ओ.

व्हॅक्सिन डेपोचा शेजारी (टिळकवाडी)

दहा वर्षांहून जास्त. लपवत नाही. उलट लस दिलेल्या घोड्या जास्त जगल्या. दर वर्षी गाभण राहणं आणि दूध पाजणं यातून सुटल्यामुळे त्यांची तब्येत सुधारली. आकडा हळू उतरण्याचं एक कारण तेही आहे.

बांधावरचा (खानापूर)

म्हणजे डुकरं कमी होणार नाहीत, म्हातारी होणार. आणि म्हातारं डुक्कर जास्त हुशार असतं. कुंपण कुठं ढिलं आहे ते त्याला पाठ असतं.

जनावरांची डॉक्टरीण

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, पण तुम्ही वेगवेगळ्या जनावरांबद्दल बोलताय. सगळ्यांना एका मापानं मोजलं की चर्चा फसते.

हत्तीण २२ महिने पोटात वाढवते, दोन पिल्लांमध्ये चार-पाच वर्षांचं अंतर असतं. तिथं मुठीएवढ्या कळपाला वर्षातून एकदा डार्ट मारणं जमतं. रानडुकरीण वर्षाच्या आतबाहेर वयात येते, चार महिन्यांपेक्षा कमी दिवसांत विते, एका वेतात चार-सहा पिल्लं सहज. अशा जनावरात निम्म्या माद्यांना लस दिली तरी उरलेल्या निम्म्या भरपाई करून टाकतात, आणि खायला ऊस असेल तर पिल्लं जगतातही जास्त. पीझेडपीचा पहिला डोस, काही आठवड्यांनी दुसरा, मग दर वर्षी बूस्टर. तोच प्राणी पुन्हा सापडला पाहिजे. घोड्याच्या बाबतीत हे शक्य आहे. उसातल्या डुकराला दुसरा डोस द्यायला कोण जाणार आहे ते मला दाखवा, मी हार घेऊन येते.

दुसऱ्या प्रकारची लस आहे, जीएनआरएचवरची. मेंदूतून सुटणाऱ्या ज्या संप्रेरकानं प्रजननाची सगळी साखळी चालू होते, त्यालाच ही लस शरीराचा शत्रू ठरवते. नर आणि मादी दोघांवर चालते. अमेरिकेत गोनाकॉन नावानं २००९ मध्ये हरणांसाठी आणि २०१३ मध्ये जंगली घोडे-गाढवांसाठी तिची नोंदणी झाली. एका डोसचा परिणाम कधी कधी एकापेक्षा जास्त वर्षं टिकतो हा तिचा मोठा गुण. टोचल्या जागी गाठ किंवा गळू होऊ शकतं हा दोष.

राहिली कुत्री. इथं माझं मत बऱ्याच जणांना आवडणार नाही. कुत्र्यासाठी आज तरी ऑपरेशनच बरं. एकदा पकडलं, एकदा कापलं, रेबीजची लस दिली, कानाला खूण केली, परत सोडलं, विषय संपला. दर वर्षी तेच कुत्रं शोधत गल्लोगल्ली फिरायची ताकद आपल्याकडे नाही. शिवाय पीझेडपी कुत्र्या-मांजरांत घोड्यांइतकी नीट चालत नाही.

खडेबाजारची मावशी

डॉक्टरबाई, ऑपरेशन बरं म्हणताय ते कागदावर. मी पंधरा-वीस कुत्र्यांना रोज भात घालते, त्यांतल्या काही जणी ऑपरेशन होऊन परत आल्या तेव्हा टाके उघडे होते. कुणी केलं, कुठं केलं ते लिहीत नाही. एक तर तिसऱ्या दिवशी मेली. मग ‘दयाळू’ कशाला म्हणायचं? एका सुईत काम होणार असेल तर मला ती सुई हवी आहे, वर्षातून एकदा का होईना. माझी कुत्री माझ्या हाकेला येतात. त्यांना शोधत फिरायची गरज नाही, मीच धरून देते.

जनावरांची डॉक्टरीण

मावशी, टाके उघडे राहतात तो ऑपरेशनचा दोष नाही, घाईचा आहे. सकाळी पकडायचं, दुपारी कापायचं, संध्याकाळी सोडायचं, असं केलं तर तेच होणार. २००१ च्या नियमांत आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या नियमांत ऑपरेशननंतर देखभाल करायलाच सांगितली आहे.

पण तुमचा शेवटचा मुद्दा मी खिशात ठेवते. ज्या गल्लीत खायला घालणारं माणूस आहे, तिथं वर्षाला एक सुई हे अशक्य नाही. बाकी अर्ध्या शहरात अशी मावशी नाही, ती अडचण राहतेच.

कॅम्पमधला बाप

मला एवढंच कळतं की माझ्या पोराला शाळेच्या फाटकात कुत्रं चावलं आणि आम्ही दंडावर इंजेक्शनं घेत फिरलो. ११ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टानं दिल्लीतली कुत्री उचला म्हटलं, २२ तारखेला म्हटलं नसबंदी करून, रेबीजची लस देऊन परत सोडा, ७ नोव्हेंबरला म्हटलं शाळा, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशनावरची उचला आणि तिथं परत सोडू नका. या शेवटच्या आदेशाशी मी सहमत आहे. गर्भनिरोधक लस दिलेलं कुत्रं चावायचं थांबतं का? नाही ना? मग माझ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या लसीत नाही.

व्हॅक्सिन डेपोचा शेजारी (टिळकवाडी)

चावणं आणि संख्या पूर्ण वेगळ्या गोष्टी नाहीत. पिल्लं असलेली कुत्री अंगावर येते, माजावर आलेल्या कुत्रीमागं दहा नर भांडत फिरतात. पिल्लंच नसतील तर यातलं बरंचसं आपोआप कमी होतं.

जनावरांची डॉक्टरीण

शेजारी, इथं सावकाश. पिल्लांचं बरोबर आहे. पण पीझेडपीनं गर्भ राहत नाही, माज थांबत नाही. उलट गाभण न राहिल्यामुळं मादी पुन्हा पुन्हा माजावर येते. हत्तींमध्ये आणि घोड्यांमध्येही हे पाहिलेलं आहे, नर जास्त काळ मागं लागतात. माजच थांबवायचा तर जीएनआरएचची लस किंवा ऑपरेशन.

चिकोडीचा पाटील

मी वेगळ्या बाजूनं विचारतो. आमचं घर जैन. लस म्हणजे अहिंसेचा मार्ग असं वरती सुचवलंय. ही पीझेडपी बनवायला डुकरिणीचे बीजांडकोश लागतात. ते येतात कुठून? कत्तलखान्यातूनच ना? एका जनावराला न मारता आवरण्यासाठी दुसरी किती मारली गेली, याचा हिशेब कोण ठेवतो?

बांधावरचा (खानापूर)

आणि ती डुकराची लस तुम्ही माकडाला टोचणार? देवळासमोर? पुजाऱ्याला आधी विचारा हं.

जनावरांची डॉक्टरीण

पाटील, लसीसाठी म्हणून कुणी डुक्कर मारत नाही. मांसासाठी मारलेल्या जनावराचे टाकून द्यायचे अवयव वापरतात. प्रयोगशाळेत बनवलेल्या झोना प्रथिनांवरही काम झालेलं आहे. जीएनआरएचच्या लसीला डुक्कर लागतच नाही, त्यात तो छोटा रेणू समुद्री गोगलगायीच्या रक्तातल्या प्रथिनाला जोडतात. गोगलगाय चालेल का ते तुमच्या महाराजांना विचारा.

चिकोडीचा पाटील

नाही चालणार, हे मी विचारायच्या आधीच सांगतो :) आणि ‘टाकून द्यायचे अवयव’ हा युक्तिवाद आमच्याकडं चामड्याबद्दलही करतात. आम्ही तो मानत नाही. पण दुसऱ्यानं लस वापरली तर मी आडवा येणार नाही. गोळी आणि सुई यांत निवडायची वेळ आली तर सुईच. फक्त तिला अहिंसा म्हणू नका, कमी हिंसा म्हणा, म्हणजे माझं भांडण संपलं.

लोंढा जंक्शन

माकडांचं कुणी नीट बोलतच नाही. आमच्याकडं केळी, नारळ, परसातली वांगी काही राहत नाही. कौलं फोडतात ते वेगळंच. शहरातून पकडून गाडीत घालून आमच्या रानात आणून सोडतात, हे सगळ्यांना माहीत आहे, कुणी ते मान्य करत नाही. ती शहरातली माकडं रानात राहतात होय? माणसाच्या हातचं खाऊन मोठी झालेली. थेट आमच्या घरावर.

तेव्हा काहीही करा, लस द्या नाही तर ऑपरेशन करा, पण जिथली आहेत तिथंच करा आणि तिथंच ठेवा.

जुना मास्तर

माकडांबद्दल एक जुनी गोष्ट सांगतो, कारण लस म्हटली की सगळे अमेरिकेकडं बघतात. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एन. आर. मौद्गल यांनी नर माकडांवर अशाच कल्पनेचं काम वर्षानुवर्षं केलं. मेंढीच्या एफएसएच या संप्रेरकाची लस देऊन नराची प्रजननक्षमता घालवायची. ती माकडं कुठली? बॉनेट मकाक, म्हणजे आपल्या जांबोटीच्या घाटात रस्त्यावर बसतात तीच लाल तोंडाची. उद्देश माणसासाठी पुरुषांची गर्भनिरोधक लस काढणं हा होता, माकडं आवरणं नव्हे. दिल्लीत जी. पी. तलवार यांनी बायकांसाठी एचसीजी संप्रेरकाच्या लसीवर काम केलं तेही त्याच वळणाचं.

सांगायचं कारण, ज्ञान आपल्याकडं होतं आणि ज्या जनावराचा त्रास आहे त्याच जनावरावर झालेलं होतं. मग रस्त्यावर का आलं नाही? कारण प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्यातलं माकड सुईला हात देतं, जांबोटीतलं देत नाही. हिमाचलमध्ये २००६-०७ पासून माकडांची नसबंदी चालू आहे, दीड लाखाच्या वर ऑपरेशनं झाली, तरी तिथल्या शेतकऱ्यांची तक्रार थांबली नाही. २०१६ मध्ये शिमल्यात माकडांना उपद्रवी जाहीर करावं लागलं. मी नसबंदीच्या विरोधात नाही. पण आकडे मोठे दिसले म्हणून काम झालं असं समजू नये.

व्हॅक्सिन डेपोचा शेजारी (टिळकवाडी)

मास्तर, हिमाचलचा दाखला माझ्या बाजूनंही वापरता येतो. दीड लाख नसबंद्या केल्या नसत्या तर आज माकडं किती असती?

जुना मास्तर

हा प्रश्न बिनउत्तराचा आहे, म्हणूनच वादात फार सोयीचा पडतो.

फॉर्म नंबर अमुक

नुकसानभरपाई मागायला जावं तर फॉर्म कानडीत. मराठी गावात राहून मराठीत अर्ज करता येत नाही. डुकराला लस देण्याआधी हे सोडवा. हा प्रश्न सुटल्याशिवाय...

खडेबाजारची मावशी

आलं का बाबा, आलं. प्रत्येक धाग्यात सीमाप्रश्न. इथं जनावरांचं चाललंय.

चंदगडकर

मावशी, हसण्यावारी नेऊ नका, जनावरांच्या बाबतीत सीमा खरंच आडवी येते. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती तिळारी खोऱ्यात उतरले, दोडामार्ग आणि आमच्या चंदगडात आले. तेव्हापासून ये-जा चालू आहे. गवे तर रोजचेच. सकाळी तुमच्या खानापुरात, रात्री आमच्या काजूच्या बागेत. आता समजा तुमच्या बाजूला लस सुरू केली आणि आमच्या बाजूला नाही. दोन खाती, दोन नोंदवह्या, कुठल्या मादीला डोस दिला याची खूण एकाकडं, बूस्टरची वेळ आली तेव्हा ती दुसऱ्याच्या हद्दीत. घोड्यांच्या बेटावर हा प्रश्न नव्हता.

आणि हत्तीला लस द्यायची गरज काय? आमच्याकडं येणारे हत्ती बोटांवर मोजण्याएवढे. नुकसान करतात ते संख्या जास्त म्हणून नाही, रान तुटलं आणि वाटेत ऊस-केळी उभी राहिली म्हणून. दांडेलीपासून तिळारीपर्यंतची त्यांची वाट मोकळी ठेवायची सोडून त्यांना टोचत बसायचं? हत्तीला लस म्हणजे आपली चूक त्याच्या अंगात टोचणं.

जनावरांची डॉक्टरीण

चंदगडकर, हत्तीच्या बाबतीत शंभर टक्के सहमत. दक्षिण आफ्रिकेतली ती जंगलं कुंपणाची आहेत. जागा ठरलेली, हत्ती वाढतात, झाडं संपतात. आपल्याकडं कुंपण नाही. तिथली गरज इथं उचलून आणायची नाही.

बांधावरचा (खानापूर)

हत्ती-गवा सोडा, माझं डुकराचं बोला. केरळ सरकारनं २०२२ मध्ये ग्रामपंचायतीच्या अध्यक्षांना रानडुक्कर मारायची परवानगी द्यायचे अधिकार दिले. परवानावाला बंदूकधारी बोलवायचा, मारायचं, पुरायचं. सरळ काम. आपल्याकडं शेतकरी वनखात्याच्या कचेरीला फेऱ्या मारतो आणि रात्री माळ्यावर बसून पत्र्याचा डबा वाजवतो. कायद्यातसुद्धा आहे, उभ्या पिकाला धोका असेल तर परवानगी देता येते. देतं कोण?

आणि परवानगी मिळत नाही म्हणून लोक काय करतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. कुंपणाला घरची लाईट जोडतात. त्यात डुक्कर मरतं, गवा मरतो, कधी शेजारचा माणूस मरतो. बंदुकीला परवानगी दिली तर निदान कुणी, कुठं, किती मारलं ते कागदावर राहील.

व्हॅक्सिन डेपोचा शेजारी (टिळकवाडी)

बिहारमध्ये २०१६ ला मोकामा भागात नीलगायी मारल्या, कागदावर रीतसर. पुढं काय झालं? नीलगायींचा त्रास संपल्याचं मला तरी कुठं वाचायला मिळालं नाही. मारलेल्या जागी शेजारच्या रानातून नवीन जनावर येतं. तुम्ही मला विचारता किती वर्षं लागणार, तोच प्रश्न बंदुकीलाही विचारा.

बांधावरचा (खानापूर)

बंदुकीला किती वर्षं लागतील माहीत नाही, पण मेलेलं डुक्कर त्या रात्री माझा ऊस खात नाही. एवढं तरी नक्की.

जनावरांची डॉक्टरीण

डुकरासाठी डार्ट नाहीच चालणार, ते मी आधीच म्हटलं. दुसरी वाट आमिषात औषध मिसळायची. अडचण ही की ते आमिष गावातलं डुक्कर, कुत्रं, मोर, साळिंदर, कुणीही खाईल. इंग्लंडमध्ये यासाठी एक सोपं भांडं बनवलंय. वर जड लोखंडी झाकण, खाली खाद्य. रानडुक्कर नाकानं ते झाकण उचलतं, बाकी बहुतेक जनावरांना ते जमत नाही. कल्पना मला फार आवडली. पण त्यात घालायची, तोंडावाटे चालणारी आणि एका खाण्यात काम करणारी लस आज बाजारात नाही. ती येईपर्यंत डुकराच्या बाबतीत मी लसीचं नाव काढणार नाही. उगाच आशा दाखवून शेतकऱ्याला आणखी दहा वर्षं थांबायला सांगणं, हीसुद्धा क्रूरताच.

खडेबाजारची मावशी

म्हणजे हत्तीला नको, डुकराला जमत नाही, कुत्र्याला ऑपरेशन बरं. मग शेजारींची लस उरली कुणाला?

जनावरांची डॉक्टरीण

माकडांना, आणि तीही देवळाजवळच्या, स्टेशनावरच्या, बसस्टँडवरच्या टोळ्यांना. माणसाला सरावलेली, जागा न सोडणारी, तोंडावरून ओळखता येणारी. लोंढ्याच्या भाऊंनी म्हटलं तसं, आहेत तिथंच द्यायची आणि तिथंच ठेवायची. त्याआधी खायला घालणं बंद करायचं, नाही तर सगळं पाण्यात. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं हत्ती, रानडुक्कर, नीलगाय आणि माकड या चौघांवर गर्भनिरोधक लसीच्या अभ्यासासाठी डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेला पैसे मंजूर केले होते. माझ्या मते चौघांपैकी माकडावरच आधी भर द्यायला हवा.

लोंढा जंक्शन

खायला घालणं बंद? शनिवारी मारुतीपुढं केळी घेऊन येणाऱ्यांना तुम्ही येऊन सांगा. आमचं ऐकत नाहीत.

व्हॅक्सिन डेपोचा शेजारी (टिळकवाडी)

चला, माकडांपुरतं तरी कुणीतरी हो म्हटलं. डुकरांचा हट्ट मी सोडत नाही, ते भांडं आणि तोंडावाटे चालणारी लस आली की पुन्हा येतो. बांधावरचे, तोवर तुम्हाला नेमकं काय हवं ते तरी सांगा.

बांधावरचा (खानापूर)

सोलर कुंपणाला अनुदान, आणि एकट्याच्या रानाला नाही, सगळ्या शिवाराला एकत्र. नाही तर माझ्या रानातलं डुक्कर चुलत्याच्या रानात जातं आणि घरात भांडण लागतं. दुसरं, पंचनामा आठवड्याच्या आत. महिन्यानं येऊन बघितलं तर ऊस फुटून आलेला असतो आणि साहेब म्हणतात नुकसान कुठंय. आणि तुमची लस आणायचीच असेल तर आणा, पण संख्या उतरेपर्यंतची वर्षं माझं नुकसान कोण भरणार ते लिहून द्या. तेवढं लिहून दिलं तर टोचायला डुक्कर मीच पकडून आणतो.

चंदगडकर

पकडू नका ओ. परवानगीशिवाय रानडुक्कर धरलं तर तोही गुन्हा, दोन्ही राज्यांत. लस डुकराला आणि कोठडी तुम्हाला व्हायची.